सांध्यातले चार इंच

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार

हिंगण्याच्या कारखान्याचा नवा मॅनेजर आज ऑफिसात आला. टाय, घाम, चामड्याची बॅग. सरळ माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "हे पत्र जरा टाइप करून द्या." समोर स्लाइड रूल, कागदावर अर्धवट गणित — तरी मी टायपिस्ट! मी म्हटलं, "टायपिस्ट तिकडे बसतात. इथे तुमच्या शेडचे जॉइंट होतात." गोपाळराव धावत आले. त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, माझ्याकडे डोळे वटारले.

गोपाळराव म्हणजे आमचे मालक. रामदासपेठेत दोन खोल्या आणि एक व्हरांडा. व्हरांड्याला ते ‘डिझाइन विभाग’ म्हणतात. एकोणचाळीस सालची डिग्री. त्यानंतर त्यांनी पुस्तक उघडलं असेल तर पंचांग. मुलाखतीत माझं आडनाव वाचून म्हणाले होते, "चारुशीला... नगराळे. बरं, बरं." आणि घेतलं. तेव्हापासून मी कुठे चुकते याची वाट बघतायत.

बघा. दोन वर्षं झाली. माझी एकशे अडतीस ड्रॉइंगं फॅब्रिकेशन शॉपला, म्हणजे लोखंड कापून जोडणाऱ्यांकडे, गेली आणि एकावरही उलटा प्रश्न आला नाही. या ऑफिसातल्या एकाही पुरुषाला हे जमलेलं नाही. जमणारही नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

शेड दोनच्या जॉइंटांना हात घातला. मोठं काम आहे. रोलिंग मिल, चाळीस टनांची क्रेन. क्रेन धावता धावता ब्रेक मारते तेव्हा सगळी शेड लांबीच्या दिशेने ढकलली जाते. ते ढकलणं घ्यायला कॉलमांच्या मध्ये तिरपे बार असतात. कॉलम आणि तिरपे बार जिथे मिळतात तिथे एक प्लेट, प्लेटमध्ये बोल्ट. नियम एकच — सगळ्यांच्या मध्यरेषा एका बिंदूत भेटल्या पाहिजेत. नाही भेटल्या तर प्लेट पिळली जाते आणि बोल्टांवर नको तो भार येतो. माझ्या जॉइंटात रेषा भेटतात. प्लेट लहान, नेटकी. बघून बरं वाटतं.

मी पेन्सिलने स्केच करते, दादाजी ते शाईने ट्रेसिंगवर उतरवतात, मी सही करते. दादाजी डोंगरे — हेड ड्राफ्ट्समन. वय पंचावन्न, शिक्षण सातवी. मला सगळ्यांसमोर "पोरी" म्हणतात. "पोरी, हे काहून असं?" — काहून! बाकीचे खाली मान घालून हसतात. आपल्या समाजातलाच माणूस म्हणून हे ऐकून घ्यायचं. मी या ऑफिसात पाऊल ठेवलं त्या दिवसापासून ‘मला’, ‘तुला’, ‘कशासाठी’ असंच बोलते. ह्यांचं आपलं मले-तुले चालू. त्यांच्याकडे पाहून लोक मला मोजतात, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

दादाजींना टेबलावरच रक्ताची उलटी झाली. अल्सर. धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. शेड दोन अडकली.

१७ फेब्रुवारी, शनिवार

अडकायला काय झालं? ट्रेसिंग मीच केलं. शाई, टी-स्क्वेअर, तीन दिवस. सहा ड्रॉइंगं पूर्ण. माझं अक्षर दादाजींच्या अक्षरापेक्षा दहापट सुवाच्य आहे. हे आधीच करायला हवं होतं. प्रिंट काढून सरळ शॉपला पाठवली.

गोपाळराव म्हणाले, "कुणाकडून तपासून घेतली का?" मी म्हटलं, "कुणाकडून घेऊ? तुम्ही तपासता?"

१८ फेब्रुवारी, रविवार

आईने पारशिवनीहून स्थळ बोलावलं होतं. रुपराव नावाचे मास्तर. पोहे खाल्ले, मिशी पुसली आणि म्हणाले, "क्रेन म्हणजे काय करते हो?" मी सांगितलं. मग म्हणाले, "हे बाईच्या जातीला झेपते?" मी म्हटलं, "क्रेनला विचारून सांगते." आईने कपबशा आपटत उचलल्या. आईने विड्या वळून मला शिकवलं, म्हणून मी तिला उलट बोलत नाही. मास्तरांना बोलायला काय हरकत?

२१ फेब्रुवारी, बुधवार

शॉपमधून चिठ्ठी आली. जुन्या प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीने —

"बाई, सात नंबरच्या सांद्यात बोल्ट कसा आवळाचा. पाना फीरत नाही. नत्थू मार्कर."

मार्कर म्हणजे ड्रॉइंग पाहून लोखंडावर खुणा करणारा. त्याला खुणा करायला ठेवलाय, प्रश्न विचारायला नाही. चिठ्ठीवरच उत्तर लिहिलं — "ड्रॉइंगप्रमाणे करा." खाली सही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आणखी चार चिठ्ठ्या. दोन वर्षांत एक नाही आणि आता चार दिवसांत पाच!

कारण उघड आहे. मधला म्हातारा दवाखान्यात गेला. आता कागद थेट बाईकडून येतो, हे शॉपला कळलं. बाईला नाचवून बघू, असा बेत. गोपाळरावांना तर पर्वणीच. पाचही चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडून म्हणाले, "काय हो नगराळे, एकदम असं कसं झालं?" आवाजात काळजी, चेहऱ्यावर नाही.

सोमवारी स्वतः जाते. त्या नत्थूला सगळ्या शॉपसमोर ड्रॉइंग वाचायला शिकवते.

२६ फेब्रुवारी, सोमवार

गेले.

शॉप हिंगणा रोडवर, पत्र्याखाली. नत्थू चाळिशीचा असेल. एका डोळ्याला ठिणगीचा डाग. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "या बाई, जोडूनच ठेवला." सात नंबरचा जॉइंट जमिनीवर जोडलेला होता. रेषा बरोबर भेटत होत्या. मी तेच दाखवलं. खडू घेतला, लोखंडावर मध्यरेषा ओढल्या. "हा बिंदू दिसतो? इथे सगळं मिळतं. आता यात चूक काय?"

"चूक नाही बाई," म्हणाला. "बराबर आहे." आणि पाना माझ्या हातात दिला. "फक्त आवळून दाखवा."

मी पदर खोचला. पाना नटावर बसवला. दोन बोटं फिरला आणि कॉलमच्या काठाला अडला. काढला, दुसऱ्या बाजूने घातला. तिथेही अडला. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा हात निसटून मुठीची सालं निघाली. आठ-दहा माणसं उभी होती. कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

नत्थूने कापसाचा बोळा दिला आणि म्हणाला, "तुमचा कागद याच्या आदी असा कदी आला नाही. म्हणून चिठ्ठी देली. दादाजीच्या हातून आलेल्या कागदात पाना फिरे."

"ते माझंच ड्रॉइंग उतरवतात," मी म्हटलं. "जसंच्या तसं."

त्याने पाना पुसून ठेवला. मग म्हणाला, "बरं बाई."

‘बरं बाई’ म्हणे. त्या ‘बरं’ची चीड गेली नाही अजून.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

पेन्सिल स्केचं मी फेकत नाही. सगळी कपाटात आहेत. आज ती काढून शॉपला गेलेल्या प्रिंटांशी एकेक ताडून पाहिली. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत. जेवले नाही.

एकशे अडतीसपैकी एकसष्ट वेगळी आहेत.

कुठे प्लेट दोन इंच मोठी. कुठे बोल्ट एका ओळीऐवजी दोन ओळींत. कुठे तिरपा बार थोडा वर सरकवलेला. आणि प्रत्येकाखाली ‘डिझाइन — चा. नगराळे’. माझी सही!

सातवी पास माणसाने दोन वर्षं माझी ड्रॉइंगं बदलली. मला न विचारता. माझ्या नावाखाली. ही चोरीच आहे, उलट्या दिशेने केलेली. माझी एकशे अडतीस ड्रॉइंगं म्हणून मी मिरवत होते...

उद्या गोपाळरावांकडे तक्रार. लेखी.

२८ फेब्रुवारी, बुधवार

तक्रार लिहायला घेतली, पण पुरावा हवा. ‘बदललं’ एवढं पुरत नाही. ‘बदलून बिघडवलं’ असं दाखवायला हवं. एकसष्ट जॉइंट पुन्हा सोडवायला बसले. पहिला — ठीक. दुसरा — ठीक. दहावा, विसावा, पस्तिसावा — ठीक, ठीक, ठीक. दर वेळी राग वाढत गेला. याला गणित येत नाही, मग चुकत कसा नाही?

एक्केचाळिसावा — शेड एक, जॉइंट बारा. क्रेनच्या ब्रेकचा भार घेणारा, सगळ्यात महत्त्वाचा. पाना फिरावा म्हणून तिरपा बार चार इंच वर सरकवला. रेषा आता भेटत नाहीत. प्लेट पिळणार. बाहेरच्या बोल्टांवर हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट भार. तीनदा सोडवलं. तिन्ही वेळा तेच.

सापडला! टेबलावर मूठ आपटली मी. सालं निघालेलीच मूठ.

मग लक्षात आलं. शेड एक कागदावर नाही. ती हिंगण्याला उभी आहे. असे आठ जॉइंट आहेत तिच्यात. चौदा मार्चला क्रेनची चाचणी आहे — जास्तीचा भार टांगून धाववतात आणि ब्रेक मारतात. खाली माणसं असतात.

१ मार्च, गुरुवार

उरलेले वीस जॉइंट रात्री सोडवले — ठीक. सकाळी धंतोलीला गेले. स्केच आणि प्रिंट दोन्ही पिशवीत. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं.

दादाजी खाटेवर, अर्धे झालेले. त्यांच्या बायको सिंधूताई स्टुलावर मोसंबी सोलत होत्या. मला पाहून उठल्या, स्टूल दिलं. मी बसले नाही. दोन्ही कागद त्यांच्या पांघरुणावर ठेवले.

"हे तुम्ही केलं?"

त्यांनी चष्मा मागितला. नीट पाहिलं. "बारा नंबर. हो."

"काहून केलं?"

तोंडून ‘काहून’च निघालं. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पाना फिरत नव्हता," म्हणाले.

"मग मला सांगायचं होतं."

"सांगतलं होतं ना वं. तू आली त्या पहिल्याच हप्त्यात. पोरी, इथं हात जात नाही, म्हणलं. तू काय म्हणली? सगळ्या ऑफिसासमोर म्हणली — दादाजी, तुम्ही रेषा काढा, विचार करायला मी आहे." त्यांनी चष्मा काढला. "मंग मी रेषा काढल्या."

मी म्हणाले होते. मला आठवतं. तेव्हा मला ते वाक्य फार आवडलं होतं.

मी म्हटलं, "म्हणून माझ्या सहीखाली वाट्टेल ते? एकसष्टांतला हा चुकलाय, ब्रेक मारला की प्लेट पिळणार. माझ्या सहीखाली!"

"तुह्या सहीसाठीच," ते म्हणाले. आता त्यांनाही राग आला होता, आवाज नव्हता तरी. "गोपाळराव वाट पाहून राहिले होते. शॉपातून एक चिठ्ठी आली असती तं तुले टायपिंगवर बसवलं असतं. अन् मंग म्हणले असते, यांच्यातली पोरगी घेऊन पाहिली, जमलं नाही. पुढच्या पोरीले दारातूनच वापस. मी तीस वर्सं त्यायले पाहून राहिलो. तू दोन."

सिंधूताई म्हणाल्या, "जास्त बोलू नका. टाके आहेत."

ते थांबले नाहीत. "एकसठ जागी केलं, साठ बराबर निघाले. हा चुकला. क्रेनच्या ब्रेकचं गणित मले येत नाही. तुले विचाराले पायजे होतं." भिंतीकडे तोंड केलं. "पण तुले विचारणं माह्या जिवावर आलं."

सिंधूताईंनी माझ्या हातात मोसंबीची फोड ठेवली. मी ती धरून उभी.

मग तेच म्हणाले, "सांगून दे साहेबाले. दादाजीनं बदललं म्हण. कागद आण, मी सही करतो. माही काय, नोकरी आता सात महिने. तुही तीस वर्सं आहे."

२ मार्च, शुक्रवार

मला त्यांची दया येत नाही. आजही चीड येते. कुणी सांगितलं होतं मला झाकायला? मी काय उघडी पडले होते?

पडले होते. एकसष्ट वेळा.

आणि एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. एकशे अडतीस ट्रेसिंगांवर मी सही केली आणि त्यातलं एकही वाचलं नाही. वाचायची गरजच वाटली नाही. या माणसाला काही बदलता येईल असं माझ्या मनातही आलं नाही. बारा नंबर मी दोन मिनिटं पाहिला असता तर रेषा भेटत नाहीत हे मला दिसलं असतं. मला एकटीलाच दिसलं असतं.

३ मार्च, शनिवार

शॉपमध्ये गेले. नत्थूला सगळं सांगितलं. लपवून काय करणार, दुरुस्ती त्याच्याच हातून व्हायची आहे. विचारलं, "नत्थूभाऊ, उभ्या शेडमध्ये हा जॉइंट मजबूत कसा करायचा? वेल्डर कुठे उभा राहील?"

त्याने विडी विझवली. "हे आदी विचारतलं कोणी नाही आमाले," म्हणाला. मग जमिनीवर खडूने काढून दाखवलं — वरून प्लेट लावाल तर वेल्डर उताणा पडून काम करेल, आणि तसं काम धरत नाही. खालून लावा. खाली क्रेन धावते त्या आडव्या गर्डरवर पाय ठेवायला जागा आहे.

खालूनच लावायची प्लेट. बोल्टही वाढवले. गणित करून पाहिलं. बसतं.

५ मार्च, सोमवार

गोपाळरावांना सांगितलं — जॉइंट बारा कमी पडतो, आठ ठिकाणी प्लेट लावल्याशिवाय चाचणी होऊ देऊ नका. दुरुस्तीचं ड्रॉइंग पुढे ठेवलं.

त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला. मग हळूहळू रंग परत आला. "डिझाइन तुझं तर बरोबर असेल," म्हणाले. "डोंगरे मधे काही करतो असं माझ्या कानावर होतं."

कानावर होतं! दोन वर्षं कानावर होतं आणि हा माणूस गप्प बसला. काम बिनबोभाट होत होतं ना.

"तसंच असेल तर सोपं आहे," म्हणाले. "म्हातारा आजारी आहे, त्याला कोण काय म्हणणार? तुझं नाव स्वच्छ राहील. विचार कर."

दोन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी गोड बोलले. अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

६ मार्च, मंगळवार

लेखी दिलं. "जॉइंट बाराच्या अंतिम ड्रॉइंगवर सही माझी आहे. ते न तपासता मी सही केली. जबाबदारी माझी." तीन वाक्यं. गोपाळरावांनी वाचून ड्रॉवरमध्ये टाकलं.

८ मार्च, गुरुवार

टायपिस्टच्या टेबलावर कार्बन प्रत दिसली. कारखान्याला गेलेलं पत्र. "आमच्या ड्राफ्ट्समनने अनधिकृत फेरफार केल्याचे आढळले असून त्यास कामावरून कमी करण्यात आले आहे."

आत गेले. "मी लिहून दिलेलं काय झालं?"

"वाचवलं तुला," म्हणाले. "आणि ऑफिसलाही. डिझाइनरची चूक म्हणजे ऑफिसची चूक. ड्राफ्ट्समनची चूक म्हणजे ड्राफ्ट्समनची. एवढं तुला कळायला हवं."

मला कळलं. तीस वर्षं त्या व्हरांड्यात डोळे फोडलेल्या माणसाला यांनी एका कार्बनच्या कागदात गुंडाळून बाहेर ठेवलं. आणि ते ज्या सहजतेने केलं ती सहजता माझ्या ओळखीची होती. मीही त्या म्हाताऱ्याला असंच धरलं होतं — रेषा काढणारा हात. गोपाळराव नालायक आहेत. पण आज त्यांना नालायक म्हणताना जीभ अडखळली.

९ मार्च, शुक्रवार

हिंगण्याला बसने गेले. त्या टायवाल्या मॅनेजरच्या हातात माझं पत्र ठेवलं. तीच तीन वाक्यं, आणि चौथं — "ड्राफ्ट्समनने केलेला बदल माझ्या स्केचमधल्या चुकीमुळे करावा लागला."

त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, "तुमच्या मालकांना माहीत आहे?"

"संध्याकाळपर्यंत होईल."

"मग तुम्ही हे का देताय?"

मी म्हटलं, "दुरुस्तीच्या ड्रॉइंगबद्दल तुमच्या वेल्डरला काही विचारायचं झालं तर कुणाला विचारायचं, हे त्याला माहीत असायला हवं." त्याने मला बसायला सांगितलं. चहा मागवला. मी प्यायले नाही, बस चुकली असती.

१३ मार्च, मंगळवार

चार दिवस शेड एकमध्येच, मॅनेजरच्या परवानगीने. ऑफिसात जायचा प्रश्न उरला नाही — शनिवारी सकाळी शिपाई घरी येऊन पत्र देऊन गेला. आईने विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "सुट्टी."

आठवा जॉइंट आज दुपारी झाला. मी शिडीने वर गेले. साडी, चाळीस फूट, खाली न बघता. प्रत्येक बोल्टवर पाना स्वतः फिरवून पाहिला. फिरला.

१४ मार्च, बुधवार

क्रेन पन्नास टन घेऊन धावली. ब्रेक मारला. शेड जागची हलली नाही. तीन फेऱ्या. नत्थू म्हणाला, "झालं बाई, उतरा आता खाली." मी त्या जॉइंटांशेजारीच उभी होते. कुणी सांगितलं नव्हतं.

१९ मार्च, सोमवार

दादाजींना दवाखान्यातून सुट्टी मिळाली असं कळलं. इंदोऱ्याला त्यांच्या घरी गेले. दार सिंधूताईंनी उघडलं, पण अर्धंच.

"ते म्हणतात, घरी जा," त्या म्हणाल्या. त्यांना ते बोलणं जड जात होतं. "म्हणतात, म्या दोन वर्सं झाकलं, तिनं एका दिवसात उघडं केलं. तिची पण नोकरी गेली, माही पण गेली. काय मिळवलं?"

आतून खोकल्याचा आवाज आला. मी थोडा वेळ थांबले. मग निघाले.

बरोबरच आहे त्यांचं. काय मिळवलं?

२ एप्रिल, सोमवार

तीन ऑफिसांत जाऊन आले. तिघांनीही चहा पाजला. तिघांनाही सगळं माहीत होतं. एक जण म्हणाला, "तुम्ही फार प्रामाणिक आहात हो," आणि ते असं म्हणाला की त्यानंतर नोकरी मागायची सोयच उरली नाही. भेकड लेकाचे.

येताना नत्थू रस्त्यात भेटला. शॉपच्या मालकाला कामठीकडच्या एका गोदामाची जॉइंटांची ड्रॉइंगं बाहेरून करून हवी आहेत. नत्थूने माझं नाव सांगितलं. मालकाने त्याला विचारलं म्हणे, "तीच ना, चुकलेली बाई?" नत्थू म्हणाला, "हो, तीच. म्हणूनच सांगून राहिलो."

काम घेतलं. पण वीस ड्रॉइंगं, एकटीने, एका महिन्यात? आणि खरं सांगायचं तर आता एकटीच्या नजरेवर माझा भरवसा नाही. नत्थूने विचारलं, "ड्राफ्ट्समन कोण?" मी म्हटलं, "बघते." त्या दारातून एकदा परत आले. पुन्हा जाणार नाही.

९ एप्रिल, सोमवार

सकाळी आठला दार वाजलं. दादाजी. काठी टेकत, जिना चढून, घामाने निथळत. मागे रिक्षावाला त्यांचा ड्रॉइंग बोर्ड घेऊन उभा. कामाचं नत्थूने सांगितलं असणार. आईने पाणी दिलं. ते प्यायले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. खोलीभर नजर फिरवली, मग आईला म्हणाले, "खिडकीजवळची खाट हटवा लागन. उजेड तिथूनच येते."

खाट मी हटवली.